शब्दचर्चा : ‘डुप्लिकेट अकाउंट’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात मी दर शनिवारी ज्येष्ठ मंडळींना संगणक शिकवते. त्यांच्यासाठी ईमेलबद्दल चार पानांचं मराठी टिपण लिहायला घेतलं आहे आणि एका जागी अडकले आहे. शब्द चुकला की काय होतं ते मागच्या महिन्यात पाहिलं, म्हणून इथे विचारते.

आमच्याकडे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. फोनवर पत्रं वाचताना अक्षरं बारीक दिसतात, म्हणून त्या घरच्या संगणकावर थंडरबर्ड हा ईमेल वाचायचा प्रोग्राम वापरतात. संगणक दुरुस्तीहून आला तेव्हा डाव्या बाजूच्या यादीत त्यांचा पत्ता दोनदा दिसायला लागला. दुरुस्त करणाऱ्या मुलाने पहिलं खातं तसंच ठेवून पुन्हा एकदा जोडून दिलं होतं. बाईंनी फोन केला, मी सांगितलं, “बाई, ते डुप्लिकेट अकाउंट आहे.”

पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्या नावाने कुणीतरी बोगस खातं उघडलंय?” त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी उठून त्या थेट बँकेत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी समजावलं की बोगस काही नाही, तुमचंच खातं दोनदा दिसतंय, त्यातलं दुसरं काढून टाका. त्यांनी काय केलं असेल? दुसऱ्या इनबॉक्समधली सगळी पत्रं निवडली आणि पुसून टाकली. पहिला इनबॉक्सही रिकामा झाला. परदेशातल्या नातवाची अकरा वर्षांची पत्रं होती त्यात. बाई लगेच बोलल्या म्हणून बरं. त्यांच्या ईमेल सेवेत पुसलेली पत्रं कचरापेटीत ३० दिवस राहतात, तिथून सगळी परत आणता आली.

बाईंनी माझे शब्द तंतोतंत पाळले होते. चूक माझ्या शब्दांत होती. तेव्हा दोन प्रश्न आहेत. ‘डुप्लिकेट’ला काय म्हणू? आणि ‘रिमूव्ह’ला काय म्हणू?

प्रतिसाद : भाषांतरकार, पुणे

ताई, बाई घाबरल्या यात नवल नाही. इंग्रजीतला हा शब्द मराठीत येऊन तीन वाटांनी गेला आहे. डुप्लिकेट चावी म्हणजे जादाची चावी, तिला कुणी वाईट म्हणत नाही. सिनेमातला डुप्लिकेट म्हणजे नटाऐवजी उडी मारणारा, तो वेगळाच माणूस असतो. आणि डुप्लिकेट माल म्हणजे सरळसरळ नकली. बाजारात रोज कानावर पडतो तो हा तिसरा अर्थ, आणि खातं, पैसा, पासवर्ड यांच्या शेजारी हा शब्द बसला की तोच आधी मनात येतो.

मी ‘दुय्यम खाते’ सुचवेन. हरवलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत मागतो तेव्हा तिला दुय्यम गुणपत्रिका म्हणतात, दुय्यम शिधापत्रिकाही मिळते. अधिकृत आहे, आणि फसवणुकीचा वास नाही.

प्रतिसाद : महसूल खात्यातून निवृत्त, वाई

दुय्यमला माझा विरोध आहे. दुय्यम निबंधक हा निबंधकाची नक्कल नसतो. तो स्वतंत्र अधिकारी, फक्त हाताखालचा. ‘दुय्यम खाते’ वाचून माणूस समजेल की एक मुख्य खाते आणि त्याखाली एक पोटखाते आहे, आणि दोन्ही ठेवेल.

‘दुहेरी’ही नको. हिशेबात दुहेरी नोंद असते, तिथे नावे आणि जमा अशा दोन्ही बाजू लागतातच. दुहेरीतली एक बाजू काढली तर वही जुळणार नाही.

आमच्या कामात या गोष्टीला दोन शब्द होते आणि ते आम्ही कधीही एकमेकांच्या जागी वापरले नाहीत. एक नक्कल. मूळ कागदावरून उतरवून घेतलेला दुसरा कागद. जुन्या दप्तरात खाली लिहिलेले असे, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’, म्हणजे अस्सल कागदात जसे आहे तसे. अरबी ‘नक्ल’मध्ये एका जागेवरून दुसरीकडे नेण्याचा अर्थ आहे. नक्कल फाटली तरी अस्सल दप्तरात सुरक्षित असते. अस्सल जळले तरी नक्कल हातात राहते. दोन कागद, दोन जिवांचे.

दुसरा शब्द दुबार. फारसीत ‘दु’ म्हणजे दोन आणि ‘बार’ म्हणजे वेळ. मतदारयादीत एकच माणूस दोन ठिकाणी आला तर ते दुबार नाव. तिथे माणूस एकच आहे, नोंदी दोन आहेत. नाव दुबार आहे म्हणून कुणी माणसाला खोडत नाही, नोंद खोडतात.

आता मला संगणकातले कळत नाही, म्हणून विचारतो. बाईंच्या यादीत जे दोनदा दिसत होते ती नक्कल होती की दुबार नोंद?

प्रतिसाद : संगणक प्रणालींचे काम करणारा, नाशिक

काका, नेमका हाच प्रश्न विचारायला हवा होता. उत्तर असं की दोन्ही असू शकतं, आणि कुठलं आहे ते पाहिल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

मेल-प्रोग्राम सर्व्हरवरची, म्हणजे ईमेल सेवा देणाऱ्याच्या संगणकावरची, पत्रं दोन रीतींनी आणतो. एक पॉप, दुसरी आयमॅप. पॉपमध्ये पत्र सर्व्हरवरून उतरवून तुमच्या संगणकात साठवलं जातं. मूळ पत्र सर्व्हरवर ठेवायचं की नाही हे सेटिंगवर अवलंबून असतं. आयमॅप १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी रचली. पत्रं सर्व्हरवरच राहावीत आणि कुठल्याही यंत्रावरून तीच पेटी उघडता यावी, हा तिचा हेतू. त्यामुळे आयमॅपने जोडलेल्या खात्यात तुम्ही वाचलं, चांदणी (पत्रापुढची ताऱ्याची खूण) लावली, पुसलं, तर ते सर्व्हरवर घडतं आणि सगळीकडे दिसतं.

म्हणजे आयमॅपने तेच खातं दोनदा जोडलं तर काकांच्या भाषेत ती दुबार नोंद. माणूस एक, नोंदी दोन. बाईंनी नोंद खोडण्याऐवजी माणूस खोडला. आणि एकदा पॉपने, एकदा आयमॅपने जोडलं असेल तर पॉपच्या बाजूला आहे ती नक्कल. ती उडवताना फार सांभाळावं लागतं, कारण मूळ पत्रं सर्व्हरवरून गेलेली असतील तर ती नक्कलच आता अस्सल झालेली असते.

ओळखायचं कसं? खाते सेटिंग्जमध्ये दोन्ही नोंदींची सर्व्हर सेटिंग्ज उघडा आणि तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहून काढा: सर्व्हरचा प्रकार, सर्व्हरचं नाव, वापरकर्त्याचं नाव. तिथेच पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडताना वापरायचा क्रमांक, ९९३ दिसला तर बहुधा आयमॅप, ९९५ दिसला तर बहुधा पॉप.

लोक मला विचारतात, प्रोग्रामला एवढंही कळत नाही का की हे तेच खातं आहे? कळतं, पण त्याची ‘तेच’ची व्याख्या आपल्यापेक्षा अरुंद आहे. प्रकार, सर्व्हरचं नाव आणि वापरकर्त्याचं नाव हे तिन्ही जुळलं तर थंडरबर्ड सांगतो की हा सर्व्हर आधीच आहे, आणि पुढे जाऊ देत नाही. एक जरी वेगळं असलं तरी त्याच्या लेखी ते दुसरं खातं. जीमेलचं उदाहरण घ्या. सर्व्हरच्या नावात एका ठिकाणी ‘जीमेल’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘गुगलमेल’ लिहिलं तरी दोन्हीकडून तीच पेटी उघडते. काही सेवांमध्ये वापरकर्त्याचं नाव म्हणून पूर्ण पत्ता चालतो आणि ॲट (@) चिन्हाच्या आधीचा भागही चालतो. मराठीत आपल्याकडे ‘तोच’ आणि ‘तसाच’ हा फरक आहे ना, तो इथे फार उपयोगी पडतो. दुबार नोंदीत पेटी तीच असते. नकलेत पत्रं तशीच असतात.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे एका इनबॉक्समधल्या एखाद्या जुन्या पत्राला चांदणी लावायची आणि दुसऱ्या इनबॉक्समध्ये जाऊन नवीन पत्रं आणायला सांगायचं. चांदणी तिथेही उमटली तर पेटी एकच. नाही उमटली तर थांबा, ती नक्कल असू शकते.

आणखी एक. कधीकधी खातं एकदाच जोडलेलं असतं, पण फोल्डर दाखवायच्या दोन मांडण्या एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे तोच इनबॉक्स ‘एकत्रित’ मथळ्याखाली आणि खात्याखाली असा दोनदा दिसतो. तिथे खोडण्यासारखं काहीच नाही, मांडणी बदलायची. जीमेलच्या ‘ऑल मेल’मध्ये इनबॉक्समधलं पत्र पुन्हा दिसतं तेही असंच.

प्रतिसाद : गृहिणी, बेळगाव

एवढं तांत्रिक वाचून माझं एक सांगते. आमच्या घराला दोन नळजोडण्या आहेत, पाणी एकाच टाकीतून येतं. एक जोडणी बंद केली म्हणून टाकीतलं पाणी जात नाही. पण एका नळाने टाकी रिकामी केली तर दुसऱ्या नळालाही पाणी नाही. बाईंचं असंच झालं ना? आणि पॉप म्हणजे हंडा भरून घरात आणून ठेवणं. मग ‘खातं’ कशाला म्हणायचं, ‘जोडणी’ म्हणा की.

पुन्हा मूळ प्रश्नकर्ती

बेळगावच्या ताई, तुमच्या चार ओळींनी माझं अर्धं टिपण लिहून झालं. काका, दादा, तुमचेही मनापासून आभार.

‘जोडणी’ मला पूर्ण पटलं. वीजजोडणी, नळजोडणी, गॅसजोडणी हे आमच्या शनिवारच्या मंडळींचे रोजचे शब्द आहेत. आणि खरं पाहिलं तर प्रोग्रामच्या डाव्या यादीत जे दिसतं ते खातं नव्हेच. खातं सेवा देणाऱ्याकडे असतं, पत्रांची पेटी तिथे असते. आपल्या संगणकावर असतो तो त्या पेटीपर्यंत जायचा रस्ता. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द चालतो म्हणून मराठीतही एकच चालवायची गरज नाही.

‘दुबार’बद्दल मात्र एक शंका मनात होती. आमच्या भागात हा शब्द ऐकला की आधी दुबार पेरणी आठवते, आणि तिथे पहिली पेरणी वाया गेलेली असते, दुसरीच खरी. पण मतदारयादीतल्या दुबार नावांची चर्चा आता घरोघरी पोचली आहे, त्यामुळे काकांचाच अर्थ आधी लागतो. काल चौघांना विचारून पाहिलं, चौघांनीही ‘नाव दोनदा आलंय’ असंच सांगितलं. तेव्हा ‘दुबार जोडणी’ पक्कं.

आता क्रियापद. इथे मला स्वतःलाच धक्का बसला. मराठीत ‘खातं काढणं’ म्हणजे खातं उघडणं! बँकेत खातं काढलं, पोस्टात खातं काढलं. दुकान काढतात, कर्ज काढतात, तेव्हा नवीन काही सुरू होतं. पैसे काढतात, काटा काढतात, तेव्हा आतलं बाहेर येतं. ‘टाका’ जोडलं की अर्थ बदलतो हे खरं, पण फोनवर ‘टाका’ ऐकू गेलं नाही तर? आणि ‘काढून टाका’ नीट ऐकू आलं तरी काय काढून टाकायचं, नोंद की पत्रं, हे त्यातून कळत नाही. बाई तिथेच फसल्या. ‘पुसा’, ‘मिटवा’, ‘नष्ट करा’ हे सगळे शब्द पत्रांना लागू पडतात, म्हणून ते या वाक्यातून मी वगळणार आहे.

प्रतिसाद : भाषांतरकार, पुणे

दुय्यम मागे घेतो. ‘जोडणी बंद करा’ म्हणू या. ‘तोडा’ नको, थकबाकी राहिली की जोडणी तोडतात, पुन्हा भीती वाटायची.

प्रतिसाद : नाशिक

‘बंद करा’ चांगलं आहे. फक्त टिपणात एक वाक्य न विसरता घाला. थंडरबर्डमध्ये खातं हटवण्याची आज्ञा दिली की तो विचारतो, फक्त खात्याची माहिती हटवू की संदेशांचा साठाही? हा साठा म्हणजे संगणकावरची प्रत. आयमॅपला तो गेला तरी सर्व्हरवरची पत्रं राहतात. पॉपला तो साठा म्हणजेच पत्रं असू शकतात. म्हणून शंका असेल तिथे दुसऱ्या, म्हणजे साठ्याच्या, चौकटीत खूण करू नका.

शिवाय कुठली जोडणी ठेवायची ते नीट ठरवा. पत्रं वेगवेगळ्या फोल्डरांत लावायचे नियम आणि सही ही प्रत्येक जोडणीची वेगळी असते, आणि बहुधा जुन्या जोडणीतच लावून ठेवलेली असते. बंद करायची ती नवी. आधी प्रोग्राम बंद करून प्रोफाइलचं फोल्डर, म्हणजे थंडरबर्ड आपली पत्रं आणि सेटिंग्ज ठेवतो ते फोल्डर, पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

प्रतिसाद : वाई

म्हणजे आधी अस्सलबरहुकूम नक्कल, मग दुबार नोंद खोडणे. आमच्या दप्तरातही क्रम हाच होता.

पुन्हा मूळ प्रश्नकर्ती

टिपणातला परिच्छेद असा झाला आहे:

“यादीत तुमचा पत्ता दोनदा दिसला तर घाबरू नका. तुमच्या नावाने कुणी खोटं खातं उघडलेलं नाही. तुमच्या एकाच पत्रपेटीला दोन जोडण्या झाल्या आहेत का, ते आधी पाहू. एका इनबॉक्समधल्या पत्राला चांदणी लावा. तीच चांदणी दुसरीकडे दिसली तर पेटी एकच आहे आणि दुसरी जोडणी दुबार आहे. दुबार जोडणीतली पत्रं पुसू नका, ती पहिलीकडूनही जातील. पत्रांना हात न लावता फक्त जोडणी बंद करा. चांदणी दिसली नाही तर काहीही न करता शनिवारी संगणक घेऊन या.”

काल बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली, ‘घाबरू नका’ हे वाक्य काढा, ते वाचूनच माणूस घाबरतो. ते काढलं. मग माझ्यासमोर त्यांनी चांदणी लावली, दुसरीकडे उमटलेली पाहिली, आणि नवी जोडणी स्वतःच्या हाताने बंद केली. नातवाची सगळी पत्रं जागेवर आहेत.