उंदरांत गुण येतो, मग माणसांत का नाही?

स्वादुपिंडाची सूज उंदरांमध्ये उतरवणारी औषधं आपल्यापर्यंत का पोचत नाहीत, असं वर विचारलंय. माझ्या मते मुख्य अडचण वेळेची आहे. प्रयोगशाळेत सेरुलिन या स्वादुपिंडाला जास्त चेतवणाऱ्या रसायनाची इंजेक्शनं तासातासाने देऊन आजार मुद्दाम घडवतात, आणि औषध बरेचदा आधीच किंवा लगेच दिलेलं असतं.

माणसांचं तसं नसतं. याच आजारात आमचे गुहागरचे काका संध्याकाळपासून उशी पोटाशी आवळून, पुढे वाकून बसले होते. पित्त समजून काकूने आमसुलाचं सार दिलं, तेही उलटून पडलं. सकाळी रत्नागिरी, तिथून आंबा घाटाने कोल्हापूर. उपचार सुरू होईपर्यंत वीस तास गेले.

लेक्सिपाफँट या औषधाचं असंच झालं. प्राण्यांत उत्तम, पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या २९० रुग्णांच्या चाचणीत अवयव निकामी होणं थांबलं नाही. याउलट ईआरसीपीनंतर (तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या व स्वादुपिंडाच्या नळ्या तपासतात, त्यानेच कधी कधी स्वादुपिंडाला सूज येते) लगेच दिलेल्या इंडोमेथासिन या सूज कमी करणाऱ्या औषधाने स्वादुपिंडदाहाचं प्रमाण १६.९ वरून ९.२ टक्क्यांवर आणलं (२०१२, ६०२ रुग्ण). तिथे इजा नेमकी कधी होणार हे डॉक्टरांना ठाऊक असतं ना!

म्हणून उंदरांनाही औषध काही तास उशिरा देऊन बघायलाच हवं. असे प्रयोग होतात, पण मला ते फार कमी वाटतात.