उत्तर: डिसेंबरची कॅनकून सहल – व्हिसा नक्की कोणाला लागतो?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,
मेक्सिकोतल्या कॅनकूनचं जवळजवळ नक्की झालंय. चौदा घरांनी नावं दिलीत, त्यातल्या नऊ घरांत आई-बाबा नाहीतर सासू-सासरे भारतातून इथे अमेरिकेत आलेत किंवा येणारेत, आणि गेला आठवडाभर मला रोज एकच फोन, मेक्सिकोला व्हिसा लागतो का हो? मी आपलं सगळ्यांना "अमेरिकेचा व्हिसा असला की लागत नाही" सांगून मोकळा झालो. काल सांगलीकर काकांनी मला फोनवर वीस मिनिटं झाडलं. तेव्हा ज्यांना माहितीये त्यांनी इथेच लिहा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. शुक्रवारी हॉटेलचं डिपॉझिट भरायचंय.

प्रेषक: नागपूरकर

भाऊ, माझी केस सांगतो. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आहे, पासपोर्टातला व्हिसाचा स्टँप मार्चमध्येच संपला पण आय-७९७, म्हणजे एक्स्टेन्शनचं मंजुरीपत्र, हातात आहे, बायकोचं एच-फोर (जोडीदाराचा व्हिसा) सेम टू सेम. ऑफिसातला एक जण म्हणाला मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलं की संपलेल्या स्टँपवरच परत घेतात, ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात त्याला. म्हणजे आमचं काम झालं नं? पोरगी इथलीच, दोन वर्षांची, पासपोर्ट काढायचं राहूनच गेलं, तिला बर्थ सर्टिफिकेटवर नेता येईल का?

प्रेषक: सांगलीकर काका

अरे बाबा, तुझ्या ऑफिसातल्या माणसाने अर्धंच सांगितलं, आणि ते अर्धं बरोबर आहे म्हणूनच घोटाळा होतो. परत यायचं दार अमेरिकेचं, आत जायचं दार मेक्सिकोचं. ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन हा अमेरिकेचा नियम आहे, मेक्सिकोच्या अधिकाऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं? मेक्सिको म्हणतं, तुमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे किंवा ग्रीन कार्ड आहे, तर आमचा व्हिसा नको, पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस राहा. (कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा चालू व्हिसा असला तरी चालतं.) यातला "चालू" हा शब्द महत्त्वाचा. तुझा स्टँप मार्चमध्ये संपला म्हणजे मेक्सिकोच्या लेखी तुझ्याकडे व्हिसा नाही, आय-७९७ चा कागद म्हणजे व्हिसा नव्हे, तो कितीही लॅमिनेट करून नेलास तरी.

आणि हे तिथं पोचल्यावर कळेल असंही नाही, इथल्या चेक-इन काउंटरवरच कळतं. एअरलाइनवाले टिमॅटिक नावाच्या सिस्टिममध्ये तुझा पासपोर्ट, व्हिसा, जायचा देश टाकून बघतात, कारण कागद नसलेला माणूस नेला की दंड आणि त्याला परत आणायचा खर्च त्यांच्याच बोकांडी. माझ्या पुतण्याचं दोन वर्षांपूर्वी हेच झालं. पहाटे चारला घर सोडलं, पोराच्या डोक्यावर ती मोठी मेक्सिकन टोपी आधीच चढवलेली, आणि काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, बाकी तिघं जा, तुम्ही नाही. हॉटेलचे पैसे नॉन-रिफंडेबल! म्हणून मी समितीला झाडलं, राग नसावा.

मार्ग आहे. मेक्सिकोच्या कॉन्सुलेटमध्ये व्हिजिटर व्हिसा काढ, आपल्या टेक्सासातच त्यांची बरीच कॉन्सुलेट्स आहेत, एच-वन-बी वर इथे राहणाऱ्यांना अर्ज करता येतो. तो मिळाला की आत जायचं दार उघडलं, मग परत येताना तुझं ते रिव्हॅलिडेशन कामाला येईल. त्यालाही अटी आहेत. आय-९४, म्हणजे अमेरिकेत कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल त्याची नोंद, चालू पाहिजे (७९७ च्या खालच्या भागात नवीन आय-९४ असतो, तो बरोबर ठेव), तीस दिवसांच्या आत परत यायचं, आणि तिकडे असताना अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज करायचा नाही. केलास तर रिव्हॅलिडेशन गेलं, व्हिसा मिळेपर्यंत तिकडेच अडकशील. तसंही २०२५ च्या सप्टेंबरपासून अमेरिका म्हणते की व्हिसाचा अर्ज आपल्या देशात किंवा जिथे राहता तिथेच करा, त्यामुळे मेक्सिकोत जाऊन पटकन स्टँपिंग उरकायचे दिवस गेले.

पोरीचं सोपं आहे पण वेळ लागेल. विमानाने जायचं तर दोन महिन्यांच्या बाळालासुद्धा स्वतःचा पासपोर्ट लागतो. सोळा वर्षांखालच्या मुलासाठी आई-बाप दोघांना समक्ष जावं लागतं, एकाला जमत नसेल तर नोटरी केलेलं संमतीपत्र. आजच अपॉइंटमेंट बघ.

प्रेषक: चिंचवडची वहिनी

काकांनी एच-वन-बी चं सांगितलं, मी आई-बाबांचं सांगते, आम्ही मागच्या वर्षी सासू-सासऱ्यांना घेऊन जाऊन आलो.

दहा वर्षांचा बी-वन बी-टू (अमेरिकेचा पर्यटक व्हिसा) चालू असला की मेक्सिकोचा व्हिसा नको, हे खरंय. सासऱ्यांचा व्हिसा जुन्या पासपोर्टात होता, तो पासपोर्ट संपला म्हणून पुण्यात नवीन काढलेला, तर दोन्ही पासपोर्ट बरोबर घ्या, जुना कपाटात ठेवून येऊ नका प्लीज. सासूबाईंच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात त्यांचं आणि सासऱ्यांचं नाव जोडून आहे, आपल्याकडे असतंच तसं, पण माझ्या नवऱ्याने तिकीट काढताना मधलं नाव गाळलं आणि मग एअरलाइनला फोन करून करून ते नीट करून घेण्यात माझी अख्खी दुपार गेली. पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं टाका.

आता मुख्य मुद्दा. आमच्या ओळखीच्या एका काकूंना कोणीतरी सांगितलं होतं की मेक्सिकोला चार दिवस जाऊन आलं की इथले सहा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. अहो, तसं नसतं! मेक्सिको-कॅनडाची अशी छोटी फेरी असली की साधारणपणे जुना आय-९४ च पुढे चालतो, म्हणजे आधी जी तारीख मिळाली होती तीच. अधिकाऱ्याने दिला तर देईलही नवीन, पण त्या भरवशावर मुंबईचं तिकीट पुढे ढकलू नका. परत आल्यावर सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा खात्याच्या) साईटवर जाऊन तारीख बघा, प्रिंट काढून ठेवा.

आणि मेक्सिकोत १८० दिवस "जास्तीत जास्त" आहेत बरं का, किती द्यायचे ते तिथला अधिकारी ठरवतो. आम्हाला हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट विचारलं होतं, फोनमध्ये होतं पण वायफाय लागेना, म्हणून कागदावर न्या. कॅनकून ज्या किंताना रो राज्यात येतं तिथे परदेशी पर्यटकांना एक वेगळा करही आहे, व्हिसिटॅक्स म्हणतात, तो सरकारी साईटवरूनच भरा, तशाच दिसणाऱ्या साईट्स वरचे पैसे लावतात.

प्रेषक: ठाणेकर

माझा भाबडा प्रश्न, हसू नका. मी आणि मुलं अमेरिकन पासपोर्टवाले, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) पण आहे, ते मेक्सिकोला न्यायचं का?

प्रेषक: सांगलीकर काका

हसलो. ओसीआय भारतात शिरायला, मेक्सिकोत त्याचा उपयोग लायब्ररी कार्डाइतकाच. घरीच ठेव, हरवलं तर परत काढताना रडशील.

प्रेषक: डोंबिवलीचा दादा

एवढी कटकट आहे तर पोर्टो रिकोला का नाही जायचं? तो अमेरिकेचाच भाग, विमान डोमेस्टिक, इमिग्रेशनच नाही, म्हणजे स्टँप संपलेले, आई-बाबा, बिनपासपोर्टाची पोरगी सगळे एका रांगेत. समुद्र आहेच, शिवाय एल युंकेचं जंगल आहे. फक्त परत येताना विमानतळावर शेतीखातं बॅगा तपासतं, फळं-बिळं आणू देत नाहीत. विमानाला मात्र कॅनकूनच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, आणि मेक्सिकोतलं ते चिचेन इत्सा, माया लोकांचं प्राचीन शहर, तिथे नाही, हे कबूल.

प्रेषक: सहल समिती

मत घेतलं. अकरा घरं कॅनकून, तीन घरं पोर्टो रिको. कॅनकूनच. डिपॉझिट मी शुक्रवारऐवजी पुढच्या सोमवारी भरतोय आणि कॅन्सल करता येणारं बुकिंग घेतोय, घरटी थोडे जास्त पडतील, कुरकुर नको. प्रत्येकाने मला एकच ओळ पाठवा, घरातल्या कोणाचा कुठला पासपोर्ट आणि व्हिसा कधी संपतो. "आहे सगळं ओके" असं पाठवलेलं मी धरणार नाही.

प्रेषक: नागपूरकर

कॉन्सुलेटची तारीख मिळाली, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीची. पोरीचा पासपोर्ट फोटो काढायला मात्र सव्वा तास गेला, डोळे उघडले की तोंड वेंगाडते नं तोंड मिटलं की डोळे मिटते. शेवटी पांढऱ्या चादरीवर निजवून वरून काढला. उद्या दोघं जातो. काका, पासपोर्टच्या फॉर्मवर सही घरून करून न्यायची का?

प्रेषक: सांगलीकर काका

नको रे! खिडकीपाशी, ते सांगतील तेव्हाच.