कॉम्प्रेशनचे उपयोग: कुकर धरायचा का?

सायनची_आई
लेक आठवीत आहे, सायन्सच्या बाईंनी प्रोजेक्ट दिलंय, कॉम्प्रेशनचे निसर्गातले, उद्योगातले आणि रोजच्या जगण्यातले उपयोग. सोमवारी द्यायचंय आणि आम्हाला आज शुक्रवारी रात्री साडेनऊला कळलंय, नेहमीचंच. तिने आत्तापर्यंत लिहिलंय: सायकलचा पंप, पेनातली स्प्रिंग, प्रेशर कुकर आणि गादी. निसर्गाच्या रकान्यात एकटा हिरा. नवरा म्हणतो सकाळची लोकल लिही, त्याहून मोठं कॉम्प्रेशन मुंबईत नाही, त्याला गप्प बसवलंय. नेटवरून उचललेलं बाई लगेच ओळखतात, त्यामुळे कुणी हे रोज कामात बघत असेल तर सांगा ना. आणि कुकर धरायचा की नाही यावरून घरात वाद पेटलाय.

गोळीवाला
ताई, आमच्याकडे एका डिपार्टमेंटचं नावच कॉम्प्रेशन आहे. वीस वर्षं गोळ्या पाडतोय (औषधाच्या हो). ग्रॅन्युल्स, म्हणजे औषधाच्या पुडीचे बारीक दाणे, हॉपर नावाच्या नरसाळ्यातून डायमध्ये पडतात, डाय म्हणजे भोकाचा साचा, खालून एक पंच, वरून एक पंच, दोन्ही रोलरच्या मधून जाताना माल दाबला जातो आणि गोळी बाहेर.
आता गंमत अशी की जास्त दाबलं म्हणजे गोळी चांगली असं लोकांना वाटतं, तसं अजिबात नाही. पावडरीत हवा अडकलेली असते, ती निघायच्या आत दाबलं तर ती पण आत दबून बसते आणि गोळी डायमधून सुटली की हिसका मारते, वरचं टोपण उडतं. आम्ही त्याला कॅपिंग म्हणतो. म्हणून आधी हलका दाब देऊन हवा काढायची, प्री-कॉम्प्रेशन, मग मेन. एकदा नाइटला माल उरकायचा म्हणून मशीनचा स्पीड वाढवला, पहाटे चारला गोळ्यांची टोपणं अशी उडायला लागली की ट्रेमध्ये अर्ध्या बिनडोक्याच्या, सुपरवायझरने जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. आणि फार कडक दाबली तर ती पोटात जाऊनही वेळेत फुटत नाही. तयार गोळ्या ड्रममध्ये टाकून मिनिटाला २५ च्या स्पीडने १०० फेरे फिरवतात, एक टक्क्याच्या वर वजन झडलं की बॅच अडकली.
लेकीला हे पण सांगा: १८४३ मध्ये विल्यम ब्रॉकडन नावाच्या इंग्रज चित्रकाराने पूड साच्यात दाबायचं पेटंट घेतलं. त्याला मुळात पेन्सिलीसाठी ग्रॅफाइटची पूड घट्ट करायची होती, औषधाची गोळी पण त्याच पेटंटात आली.

डिझेलदादा
कुकर नाही. कुकरमध्ये कोण काय दाबतंय? पाण्याची वाफ होते, तिला जायला जागा नाही म्हणून प्रेशर चढतं, मग पाणी १०० च्या ऐवजी १२० अंशाच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. प्रेशर आहे, कॉम्प्रेशन नाही. तोच माल कमी जागेत कोंबला तर कॉम्प्रेशन.
खरं बघायचं तर डिझेल इंजिन बघा. त्यात स्पार्क प्लगच नसतो. पिस्टन हवेला दाबून सोळा-सतराव्या हिश्शाएवढ्या जागेत आणतो, नुसत्या दाबण्याने ती हवा पाचशे अंशाच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा मारला की आपोआप पेट घेतो. पिस्टनच्या रिंगा घासल्या की हवा बाजूने गळते, तेवढी तापत नाही, मग सकाळी गाडी नुसती खोकत बसते. गॅरेजमध्ये म्हणतात "कॉम्प्रेशन गेलंय", आणि मालकाचा चेहरा पडतो कारण आता इंजिन खोलायला लागणार. घरी करायचं तर सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने गच्च धरा, दहा-बारा जोरात दांडे मारा, मग पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा.
बस थांबल्यावर फुस्स होतं ना, ती पण ब्रेकची दाबलेली हवा.

मीटर_डाऊन
आमचा सीएनजी राहिला की राव. सी म्हणजेच कॉम्प्रेस्ड. सिलेंडरमध्ये २०० बारपर्यंत भरतात, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशेपट दाब, म्हणूनच भरताना पॅसेंजरला खाली उतरवतात आणि दर तीन वर्षांनी टाकीची टेस्टिंग करावी लागते. भराभर भरला की टाकी तापते, गरम गॅस जास्त जागा खातो, पंपावर प्रेशर फुल दिसतं आणि गार झाल्यावर काटा खाली. आमच्यातले बरेच जण म्हणून रात्री उशिरा लाइन लावतात, दुपारच्या उन्हात दोन तास लाइनीत उभं राहून कमी गॅस कोण घेणार.

खान्देशी_इन_परळ
उद्योगात जिनिंग-प्रेसिंग टाका, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचं काम. सुटा कापूस म्हणजे ढग, ट्रक भरला तरी वजन नाही. प्रेसमध्ये दाबून पट्ट्या आवळून १७० किलोची गाठ करतात. आपल्या हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन त्याच गाठींच्या व्यापारावरून. आजोबा सांगायचे, गाठीची पट्टी तोडताना समोर उभं राहायचं नाही.

मान्सूनची_वाट
निसर्गासाठी मुंबईचंच घ्या. मार्चमध्ये पूर्वेचा वारा सुटतो आणि समुद्रावरचा वारा उशिरा येतो, त्या दिवशी अंगाची काहिली होते. एक कारण जमीन तापलेली, पण दुसरं हे की घाटावरची हवा खाली कोकणात उतरते तेव्हा वरच्या हवेच्या वजनाने दाबली जाते आणि कोरडी हवा दर किलोमीटर उतरताना दहाएक अंश तापते. लोणावळा साधारण ६२० मीटरवर आहे, म्हणजे तिथली हवा खाली येईपर्यंत सहा अंशांचा फरक नुसता दबण्याने. डिझेलदादांचा पंपच, फक्त सह्याद्रीएवढा.
अवांतर: लोकल लिहायला हरकत नाही. रेल्वेवाल्यांचा शब्दच आहे, सुपर डेन्स क्रश लोड, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी.

हाडवैद्य_नाही
अजून एक, फुकटातलं. मणक्यांच्या मधल्या चकत्यांत पाणी असतं, दिवसभर उभं राहून-बसून त्या दबतात आणि पाणी थोडं निघतं, आडवं झोपलं की परत भरतं. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो. लेकीची उंची उठल्या उठल्या आणि झोपायच्या आधी मोजा, भिंतीवर पेन्सिलने खूण करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून, नाहीतर केसांचीच उंची मोजाल.

सायनची_आई
शनिवार रात्र. सकाळी १५१.२, आत्ता १५०.३. दोनदा मोजलं कारण तिचा विश्वास बसेना. मग सासूबाई पण भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पंप खरंच तापला, शेजारच्या मुलाचा होता, आता परत द्यायचाय. कुकर खोडला, त्या जागी गोळी लिहिली आणि कपाटातल्या क्रोसिनची स्ट्रिप फोडून वहीत चिकटवलीय.
लोकल घेतली. नवरा कालपासून गालातल्या गालात हसतोय.