सण, फेस्त की पुण्यतिथी?

प्रश्न : आठव्या शतकात जर्मन मुलखात ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या संत बोनिफेसवर टिपण लिहितोय. '५ जून हा त्यांचा…' इथे गाडी अडली. इंग्रजीत संताच्या स्मरणदिनाला 'फीस्ट डे' म्हणतात. मोबाइल त्याला 'मेजवानीचा दिवस' सुचवतो, त्याला कोपरापासून नमस्कार. 'जयंती' चालेल?

– जयंती अजिबात नको. ५ जून ७५४ रोजी, आजच्या नेदरलँड्समधल्या डोक्कुमजवळ बोनिफेस आणि त्यांचे सोबती मारले गेले, तो हा दिवस. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना दृढीकरण संस्कार द्यायला ते तिथे थांबले होते. घोळ होतो तो लॅटिनमुळे. संताच्या मृत्यूच्या दिवसाला तिथे 'दिएस नातालिस', म्हणजे जन्मदिवस म्हणतात, स्वर्गातला जन्म!

– मग सरळ पुण्यतिथी म्हणा की.

– बोनिफेसपुरतं ठीक. तिथी-तारखेचीही अडचण नाही, टिळकांची पुण्यतिथी आपण १ ऑगस्टलाच करतो. पण स्लाव्ह लोकांत धर्मप्रसार करणारे सिरिल आणि मेथोडियस हे भाऊ घ्या. सिरिल वारले १४ फेब्रुवारी ८६९ला, रोममध्ये. मेथोडियस ६ एप्रिल ८८५ला. कॅथलिक दिनदर्शिकेत मात्र दोघांचा दिवस एकच, १४ फेब्रुवारी. बल्गेरियात त्यांच्या नावाची सुट्टी २४ मेला. आता मेथोडियसची पुण्यतिथी कुठली लिहाल?

– आम्ही गोव्यात फेस्त म्हणतो, पोर्तुगीज 'फेस्ता'वरून. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं; ते वारले तीच तारीख, १५५२ सालची. पण फेस्त म्हटलं की फेरी (जत्रेतला बाजार), खाजं, गर्दी आलीच. डोक्कुमच्या हत्येशेजारी हा शब्द मला तरी लिहवणार नाही.

– वसईकडचे कॅथलिक मराठीत 'सण'च म्हणतात, 'अमुक संताचा सण'. दिवाळी-दसऱ्याची सवय असलेल्या वाचकाला पहिल्यांदा खटकेल, पण ज्यांचा दिवस आहे त्यांचाच शब्द घ्यावा.

प्रश्नकर्ता : पटलं, 'सण' घेतो. एवढं वाक्य बघता का? 'पोप दुसरे ग्रेगरी यांनी १५ मे ७१९ रोजी विन्फ्रिथ या इंग्रज संन्याशाला बोनिफेस हे नाव दिले. त्या नावाच्या हुतात्म्याचा सण आदल्याच दिवशी झाला होता.'

– 'संन्याशाला' काढा, भगवी छाटी दिसते. 'मठवासी' लिहा. 'हुतात्मा' बरोबर आहे, राहू द्या.