टेरियरचे केस उपटायचे की मशीन फिरवायची?

देवगडचा_बंड्या:
आमचा बोंडू वायर फॉक्स टेरियर, चार वर्षांचा. गेल्या मे महिन्यात उकडतंय म्हणून त्याला मशीन मारून आणला आणि तिथेच चुकलं. पाठीवर आधी काथ्यासारखे राठ केस होते, आता कापूस आलाय, काळा डाग राखाडी पडलाय आणि पावसात एकदा भिजला की दुपारपर्यंत ओलाच. मशीन वरचा राठ केस मधेच कापते, मूळ आतच राहतं आणि खालची मऊ लव वर येते. म्हणून आता रोज खळ्यात बसून दहा मिनिटं हाताने उपटतो. माझं स्पष्ट मत, कोकणात या जातीला मशीन नकोच.

मालवणची_ताई:
उपटणं हा शब्दच ऐकवत नाही हो! तुमचे कोणी उपटले तर? हे सगळे शोचे लाड. 2019 ला अमेरिकेत वेस्टमिन्स्टरच्या डॉग शोला वायर फॉक्स टेरियर जिंकला, पण माझी चिमी काय तिथे जाणार नाहीये. अकरा वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, दिवसभर चिखलात, मला फक्त गोचीड दिसायला हवेत. मशीन, पंधरा मिनिटं, विषय संपला.

देवगडचा_बंड्या:
ताई, पिकलेला आंबा हाताला अलगद येतो, कच्चा ओढलात तर चीक उडतो. केसाचं तेच. पिकलेला, म्हणजे गळायला आलेला केस असेल तर बोंडू झोपून जातो. चिमटीत तीन-चारच केस धरायचे, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, केस जिकडे झुकतो तिकडेच ओढायचं. आंघोळीनंतर नाही, केस निसटतात, उलट खडूची पूड लावली की पकड येते. पोट, जांघ इथे मात्र कात्रीच. आणि हो, ऑपरेशननंतर बऱ्याच कुत्र्यांचे केस मऊ होतात, तिथे उपटून फायदा नाही, हे मान्य.

कुडाळचे_काका:
दोघे पाठीवरून भांडताय, पाय कोण बघणार? ऑक्टोबरात गवत वाळलं की कुसळं बोटांच्या बेचक्यात शिरतात, आमच्या कुत्र्याचा पाय सुजून टम्म झाला, डॉक्टरने चीर देऊन काढलं. पंजाखालचे केस कातरा आधी. आणि बंड्या, एका बैठकीत सगळं उपटू नकोस, मी हौसेने केलं होतं, आठवडाभर अंगावर लाल पुरळ. बाकी उकाड्यासाठी अगदी कातडीपर्यंत भादरणं मलाही पटत नाही, कुत्रा धापा टाकून गार होतो, उघडी कातडी फक्त उन्हात भाजते.

मालवणची_ताई:
काका, पंजे आजच बघते. बंड्या, आत्ता चिमीच्या मांडीवर चार केस ओढून बघितले. दोन आले, दोन नाही आले, बाईने जांभई दिली. तरी मशीन विकणार नाहीये मी.