मदत हवी आहे: जहाजाच्या थांब्यात मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस आतून बघता येईल का?

आम्ही फोंड्याचे. पुढच्या महिन्यात मुरगावहून क्रूझने निघतोय. मुंबईत बॅलार्ड पिअरला सकाळी ९ ते दुपारी ४ थांबा, पण जहाजावर ३ पर्यंत परतायलाच हवं. आईला (७४) एकच ओढ: मंगेशीचे मास्टर दीनानाथ आणि बालगंधर्व जिथे गायले, तो रंगमंच आणि ससून घराण्याने दिलेली ती झुंबरं डोळे भरून बघायची. २०१६ ला वास्तू पुन्हा उघडली तेव्हापासून म्हणतेय.

त्या दिवशी तिथे प्रयोग नाही, हे तपासलं. क्रूझच्या सहलीत फक्त गेटवे आहे. चर्नी रोडपर्यंत टॅक्सीने जाऊ, त्याची काळजी नाही. आईला जिने मात्र चढवत नाहीत.

प्रयोग नसताना कुणी आत जाऊन आलंय का? परवानगी आधी कुणाकडे मागायची, आणि पायऱ्या न चढता प्रेक्षागृहात जाता येतं का?