मायनस अर्धा नंबर निघाला, एनडीएतून पायलट व्हायचा रस्ता बंद का?

जेलरोडची_आई

नमस्कार. मुलगा बारावी सायन्सला आहे, यंदा एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा फॉर्म भरणार. ओझरच्या बाजूनं सुखोईचा आवाज आला की हा ताटावरून उठून गच्चीत पळतो, लहानपणापासून असंच. मागच्या आठवड्यात बिटकोजवळ चष्म्याच्या दुकानात सहज डोळे तपासले तर दोन्हीकडे मायनस अर्धा. दुकानदार म्हणाला, काही नाही, नाममात्र आहे. ओळखीतल्या एकांनी सांगितलं, अठरा झाले की लेसिक, म्हणजे नंबर घालवायचं लेसरचं ऑपरेशन करून टाका, कुणाला कळत नाही. मिस्टर म्हणतात, आधी हे नक्की करा, मगच क्लासची फी भरू. कुणाला खरं माहीत असेल तर सांगा.

सातपूरकर_०७

काकू टेन्शन नका घेऊ. गाजर, बीट आणि सकाळी गवतावर अनवाणी चालणं. माझ्या मित्राचा नंबर गेला असाच.

लॅमरोड_निवृत्त

गाजराचा हलवासुद्धा द्या, मुलगा खूश होईल. नंबर त्यानं जात नाही.

ताई, मी हवाई दलात मेडिकल असिस्टंट होतो, नोकरीचा मोठा काळ मेडिकल बोर्डाच्या खोल्यांत गेला. फ्लाइंगसाठी एका डोळ्याला ६/६ (म्हणजे पूर्ण नजर) आणि दुसऱ्याला ६/९ (थोडी कमी) चालतं, पण तो ६/९ चष्म्यानं ६/६ व्हायला हवा आणि तोही फक्त प्लस नंबर असेल तर. मायनस अजिबात चालत नाही. अर्धासुद्धा नाही. तेव्हा दुकानदाराचं ‘नाममात्र’ विसरा.

पण रस्ता बंद झाला असंही मी म्हणणार नाही, कारण तो नंबर खरा आहे की नाही हेच अजून ठरलेलं नाही. या वयात डोळ्याचे आतले स्नायू फार जोरात काम करतात. दिवसभर पुस्तक आणि मोबाइल, की ते आखडून बसतात, आणि दुकानातल्या मशीनवर मायनस दिसतो. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, चष्म्याच्या दुकानात नको. थेंब टाकून, बाहुली मोठी करून नंबर काढायला सांगा. थेंबांनी स्नायू सैल पडतात आणि खरा आकडा हाती येतो. तो शून्य किंवा थोडा प्लस निघाला तर जीव भांड्यात. मायनस राहिलाच तर एनडीएतून फ्लाइंग नाही. मग फॉर्ममध्ये आर्मी, नेव्ही किंवा हवाई दलाची ग्राउंड ड्यूटी. तिथं ठरावीक मर्यादेत चष्मा चालतो.

आता लेसिक. हवाई दलाच्या नियमात ते वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेलं चालत नाही, आणि एनडीएची वयोमर्यादा साडेएकोणीस. म्हणजे हिशेबच जुळत नाही. पदवीनंतर ॲफकॅटनं, म्हणजे हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेनं जायचं असेल तेव्हा विचार करा. तिथंही ऑपरेशन होऊन किमान १२ महिने झालेले हवेत, बुबुळाची जाडी ४५० मायक्रॉनच्या खाली नको, आणि मूळ नंबर सहाच्या वर नसावा. ‘कुणाला कळत नाही’ म्हणणाऱ्याला स्लिट लॅम्प, म्हणजे डॉक्टरांचं डोळा मोठा करून बघायचं यंत्र, काय असतं ते विचारा. त्याखाली लेसिकच्या पापुद्र्याची कड दिसते, आणि बुबुळाची जाडी मोजली की उरलंसुरलंही बाहेर येतं. अठराव्या वर्षी घाई केलेला मुलगा ॲफकॅटचं दारही स्वतःच लावून घेतो.

रंग नीट ओळखता येतात का हे तपासायचं पुस्तक, इशिहाराचं, तेही त्याच दिवशी डॉक्टरांकडे दाखवून घ्या. पाच मिनिटांचं काम. रंगांत दोष निघाला तर त्यावर औषध नाही.

आणि फक्त डोळ्यांपाशी अडकू नका. घरी टेप घ्या. उंची किमान १६२.५ सेंमी, पायाची लांबी ९९ ते १२०, बसून उंची ८१.५ ते ९६, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४. लोकांना मांडीचं हसू येतं. इजेक्शनच्या वेळी सीट सरळ वर जाते; गुडघे समोरच्या पॅनेलला अडकले तर काय होईल ते मी लिहीत नाही. मणक्याचे एक्स-रेही त्याच धक्क्यासाठी काढतात.

गंगापूररोड_ताई

काका, माझी मुलगी १६० सेंमी आहे. मुलींना सूट असते ना?

लॅमरोड_निवृत्त

फ्लाइंगला नाही. कॉकपिट सगळ्यांना सारखंच. वय किती? अजून वाढत असेल तर थांबा. पण तिला गांधीनगरची आर्मी एव्हिएशनची शाळा ठाऊक असू दे. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांना तिथंच विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) मिळाले, आर्मीच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर. आपल्या नाशिकात.

जेलरोडची_आई

काका, खूप आभार. शनिवारी अपॉइंटमेंट घेतली. पण सोमवारी त्याचा फिजिक्सचा पेपर आहे, थेंबांनी वाचता येईल ना? आणि समजा पुढे दिल्लीच्या मेडिकलला कानात मळ वगैरे निघाला तर तिथंच बाद करतात का?

लॅमरोड_निवृत्त

शनिवार नको. जवळचं अंधुक दिसतं, कधी कधी दुसऱ्या दिवशीही, आणि उजेड टोचतो. पेपर संपल्यावर जा. जाताना त्याला गाडी चालवू देऊ नका, मिस्टरांना सोबत न्या. रात्र रात्र मोबाइल बघून तपासणीला गेलात तर माझं लिहिणं फुकट.

मळ, जास्त वजन असल्या दुरुस्त होणाऱ्या गोष्टींना ‘तात्पुरता अनफिट’ म्हणतात, बरं करून परत यायला मुदत देतात. कायमचा अनफिट म्हटलं तरी अपील मेडिकल बोर्ड असतं. मळ मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडूनच काढा, घरी काडी घालू नका. काडीनं पडदा फाटला तर ते ‘तात्पुरतं’ राहत नाही.

नंबर काय निघाला ते इथंच कळवा.